ताईला किती व्होल्ट लागतात

धाकट्याचं वय त्रेसष्ट होतं. गुडघे कुरकुरत होते, दोन नातवंडं झाली होती, डोक्यावर केस म्हणावेत इतके केस उरले नव्हते. तरी त्याला "धाकट्या" अशी हाक मारणारं एक माणूस जगात शिल्लक होतं, ते म्हणजे त्याची ताई. ती म्हणते म्हणून आपणही त्याला धाकटाच म्हणू. गॅरेजच्या गल्लीत त्याला बारावाला म्हणत, आणि तेही काही खोटं नव्हतं.

बारा म्हणजे बारा व्होल्ट. एक्केचाळीस वर्षं हा गृहस्थ गाड्यांच्या बॉनेटखाली वाकून वायरिंग करत आला. दिवे, भोंगे, वायपर, सेल्फ, सगळा संसार बारावर. घरची लाइट गेली तर त्याची बायको सरळ शेजारच्या वायरमनला हाक मारायची, कारण हा घरच्या लाइटला बोट लावत नसे. दोनशे तीसला लांबून नमस्कार करावा आणि बाराला मिठी मारावी, असं त्याचं म्हणणं. वायरमध्ये करंट आहे का हे बघायला खिशात मीटर असायचा, पण तो काढायचा कंटाळा. तो वायरीचं टोक गाडीच्या बॉडीला टेकवून ठिणगी पाडायचा आणि ठिणगीच्या रंगावरून बॅटरीचं वय सांगायचा. निम्म्या वेळा बरोबर यायचं. उरलेल्या निम्म्या वेळांबद्दल गल्लीत कोणी बोलत नसे.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. चार भावंडांत थोरली. आई सतत आजारी, त्यामुळे तिघा धाकट्यांची अंघोळ, शाळा, ताप, मारामाऱ्या हे सगळं ताईच्याच अंगावर. पुढे लग्न झालं, एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली, बत्तीस वर्षं टाइप केलं. तिची बोटं अशी चालायची की साहेब मजकूर सांगता सांगता थांबून तिच्या हातांकडे बघत बसायचे. या बाईनं आयुष्यात एकच वाक्य मनापासून पाठ केलं होतं: "मला काही नको." नवीन चप्पल घेऊ का? मला काही नको. डॉक्टरकडे जाऊ या का? मला काही नको. भांड्याच्या तळाशी जे उरेल ते पानात घ्यायची आणि म्हणायची, मला हेच आवडतं. सगळ्यांना ते खरं वाटायचं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

भावोजी गेल्यावर ती वर्षभर मुलाकडे राहिली. मुलगा गुणी, सूनही चांगली, सातव्या मजल्यावरची खोली हवेशीर. आणि एके दिवशी चहाचा कप खाली ठेवून ताई म्हणाली, "मी टेकडीवरच्या घरात राहायला जाते." ते दोन खोल्यांचं घर भावोजींनी हौसेनं बांधलं होतं आणि कुलूप लावून ठेवलं होतं. कच्च्या रस्त्याच्या टोकाला. विजेचे खांब अलीकडच्या वळणावरच थांबलेले. वीज कचेरीत विचारलं तर तिथल्या माणसानं नकाशा बघितला, ताईकडे बघितलं आणि नकाशाची घडी घातली.

मुलाचा जीव वरखाली झाला. पण आई प्रथमच काहीतरी पाहिजे म्हणत होती, तेव्हा नाही तरी कसं म्हणणार? त्यानं मुदत घातली. "तीन महिने राहून बघ. तुझं तुला जमलं तर मी शब्द काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं परत यायचं."

"जमेल," ताई म्हणाली आणि धाकट्याला फोन लावला. "धाकट्या, दोन दिवे लावून देशील का रे?"

दोन दिवे. धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. जिनं आपल्याला हात धरून चालायला शिकवलं, तिच्या घरात उजेड करायचा, आणि तोही बाराच व्होल्टवर. त्यानं विचारलं, "आणखी काय काय चालवायचंय?" ताईनं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. दोन दिवे, एक पंखा, रेडिओ, मोबाइलचं चार्जिंग. खाली रेघ ओढून लिहिलं, "बस."

कागद घेऊन तो सोलारच्या दुकानात गेला. दुकान चालवणारी बाई चाळिशीची, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं तोडून. तिनं कागद वाचला.

"काका, एकूण सत्तर वॅटही होत नाहीत."

"मग चांगलंच की. बारा व्होल्टवर आरामात बसेल."

"बसेल. पण ही यादी कुणी लिहिली?"

"माझ्या ताईनं. स्वतःच्या हातानं."

"परत विचारा," ती म्हणाली. "माणसं पहिल्यांदा खरं सांगत नाहीत. कुणी फुगवून सांगतं, कुणी लपवून. व्होल्टेज नंतर ठरवायचं, आधी लोड, म्हणजे काय काय चालवायचं ते. लोड खोटा तर पुढचं सगळं खोटं."

धाकट्याला राग आला. आमच्या ताईला ही खोटं ठरवणार? त्यानं एक पॅनल आणि कंट्रोलर घेतला, बॅटरी आपल्याच दुकानातली उचलली, आणि त्या बाईचा सल्ला तिच्याच काउंटरवर ठेवून निघून आला.

घराभोवती मोठी झाडं होती, त्यांची सावली भावोजींची आवडती, म्हणून पॅनल उघड्या कातळावर लावावं लागलं. तिथून घर चाळीस मीटर. एवढ्या लांब बारा व्होल्ट आणायचे म्हणजे वाटेत दम गळतो. वायर बारीक असेल तर निघाले बारा आणि पोचले साडेदहा अशी गत. पण हे धाकट्याला कोण शिकवणार? त्यानं करंगळीएवढी जाड केबल टाकली, मीटर लावून बघितलं, फक्त अर्धा व्होल्ट कमी. दिवा लागला. गाडीच्या केबिनमधला पंखा भिंतीवर फिरायला लागला. ताईनं दिव्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि तोंडभरून म्हणाली, "राजवाडा केलास रे." धाकटा घरी येईपर्यंत वाटेत गुणगुणत होता.

महिनाभरानं त्याला आठवलं की बॅटरीच्या एका टोकाला त्यानं जुनी क्लिप लावली आहे. नवी क्लिप खिशात टाकून तो सकाळी न कळवता टेकडीवर गेला. दार उघडं होतं. मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज येत होता.

ताई बादलीत उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातानं भिंत धरलेली, आणि पायानं कपडे तुडवत होती. मग उतरली, एक चादर उचलली, न्हाणीच्या खिडकीच्या गजाभोवती घातली, दोन्ही टोकं कोपराच्या बेचक्यात धरली आणि सगळ्या अंगाचा भार मागे टाकून पिळायला लागली. चादरीतून जेमतेम चार थेंब गळले. अंगणातल्या विहिरीपाशी पाणी काढायला बादली नव्हती, डबा होता. रंगाचा असतो तसा, कडीचा, दोन लिटरचा. ती कडी तिनं मनगटात अडकवायची असणार, कारण मनगटावर लाल वळ होता.

धाकटा तसाच दारात उभा राहिला. त्याला वाटलं, मागे फिरावं, रस्त्यावरूनच हाक मारत यावं, म्हणजे तिला सावरायला वेळ मिळेल. तेवढ्यात तिनं मान वळवली.

"अरे, कळवलं नाहीस," ती म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"हात दाखव."

"काय दाखवायचंय हातांत?"

"ताई, हात दाखव."

त्रेसष्ट वर्षांत त्यानं तिला हुकूम केल्याचं हे पहिलंच उदाहरण. तिनं हात पुढे केले. बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या, मधलं बोट तिरकं वळलेलं, मूठ अर्धीच मिटत होती. याच हातांनी ती टाइपरायटरवर कागदामागून कागद चढवायची, आणि याच हातांनी त्याच्या डोक्यावर तेल थापायची. धाकट्याला रडू यायला लागलं म्हणून तो चिडला.

"किती दिवस झाले?"

"दिवस कसले, चार वर्षं झाली. सकाळी बोटं जास्त आखडतात, मग दुपारपर्यंत सुटतात." तिनं हात परत आत घेतले. "हे बघ, माझ्या मुलाला सांगू नकोस. त्याला कळलं तर उद्या गाडी घेऊन येईल."

"आणि यायलाच हवा."

"धाकट्या." तिचा आवाज अगदी साधा होता. "माहेरी होते तेव्हा बाबांचं घर होतं. मग सासऱ्यांचं. मग यांच्या नोकरीचं क्वार्टर. मग मुलाचा फ्लॅट. बहात्तराव्या वर्षी मी सकाळी उठून माझ्या घराची कडी माझ्या हातानं काढते. दुखत्या हातानं काढते, पण काढते. एवढं राहू दे मला."

धाकटा पायरीवर बसला. खिशातली क्लिप टोचत होती, ती काढून बाजूला ठेवली. त्याच्यापुढे आता सरळ दोन रस्ते होते. भाच्याला फोन करायचा, म्हणजे ताईचे हात वाचतील आणि घर जाईल. किंवा गप्प बसायचं, म्हणजे घर राहील आणि एक दिवस ही विहिरीपाशी पडेल. दोन्हींतलं काहीच त्याच्या पचनी पडेना. आणि मग त्याला त्या चष्मेवालीचं बोलणं आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"कागद आण," तो म्हणाला. "यादी परत लिहायची."

"दिली ना मी यादी."

"ती खोटी होती."

"मला काही नको रे, दोन दिवे आहेत, पंखा आहे..."

"ताई, मला फसव, तुझ्या मुलाला फसव, पण वायरला फसवता येत नाही. तिला जेवढं ओढायचं तेवढं खरं सांगावं लागतं, नाहीतर ती जळते. लिही. एक, पाण्याचा पंप."

पेन्सिल ताईनं मुठीत धरली, लहान मुलं धरतात तशी. बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहिणारी बाई, तिला स्वतःचं एक वाक्य सुचेना.

"पंप," ती शेवटी म्हणाली. "पंप असता तर बरं झालं असतं."

"असता तर नाही. पाहिजे म्हण."

"पंप पाहिजे."

हे दोन शब्द बोलताना ती इतकी लाजली की धाकट्याला दुसरीकडे बघावं लागलं. मग मात्र हळूहळू बांध फुटला. वॉशिंग मशीन पाहिजे. मिक्सर पाहिजे, खलबत्ता उचलत नाही. लहानसा फ्रिज पाहिजे, म्हणजे रोज रोज चिरायला नको, एकदा कुणाकडून चिरून घेतलं की चार दिवस पुरेल. इस्त्री पाहिजे. "इस्त्री कशाला?" धाकट्यानं विचारलं. "चुरगळलेली साडी नेसून आयुष्यात कधी बाहेर पडले नाही, आता का पडू?" ताई म्हणाली.

चष्मेवालीनं ही यादी वाचली आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. मागच्या वेळचं काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

"यात एक रकाना कमी आहे," ती म्हणाली. "प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहून आणा. किती वेळ चालणार, आणि कशासाठी. कशासाठी लिहिलं की माणूस खोटी वस्तू लिहीत नाही आणि खरी वस्तू गाळत नाही."

म्हणून ताईनं तेही लिहिलं, आपल्या वाकड्यातिकड्या झालेल्या अक्षरात. धाकटा परत दुकानात गेला आणि दोघं गणिताला बसले.

"पंप, मशीन आणि फ्रिज एकदम लागले, मध्येच इस्त्री तापली, तर धरा दोन हजार वॅट," ती म्हणाली. "बारावर किती अँपिअर होतात?"

धाकट्यानं मनातल्या मनात भागलं. "एकशे सदुसष्ट."

"एवढा करंट तुम्ही हाताळलाय?"

"रोज. सेल्फ मारला की एवढाच ओढतो. अंगठ्याएवढी केबल टाकायची, काय त्यात."

"सेल्फ किती वेळ मारता?"

धाकटा उत्तर द्यायला गेला आणि थांबला. सेल्फ दोन सेकंद. तेवढ्यातही केबल कोमट होते, हे त्याच्या तळहाताला ठाऊक होतं. वॉशिंग मशीन पाऊण तास चालणार. एक्केचाळीस वर्षं जे गणित तो रोज करत होता, त्यात वेळ कधी मोजलाच नव्हता, कारण गाडी चालू झाली की काम संपायचं. ताईचं काम संपणारं नव्हतं.

"मग चोवीस," तो म्हणाला. चोवीस त्याला अगदी परका नव्हता, ट्रकांना चोवीसच असतो. "चोवीसवर त्र्याऐंशी अँपिअर. जमेल."

"आज जमेल. पंप सुरू होताना तिप्पट ओढतो, तेव्हा केबलचा घसा दाटेल. आणि दुसरं म्हणजे ही यादी इथं थांबणार नाही. जे माणूस उशिरा मागायला लागतं, त्याला पुढचं वर्षभर आठवत राहतं. अठ्ठेचाळीस घ्या. काम तेवढंच, करंट बेचाळीस, आणि वाढायला जागा."

अठ्ठेचाळीस. ऐकूनच धाकट्याच्या मानेला घाम आला. बारा व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं दोन हातांत धरून त्यानं गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या होत्या. चार बॅटऱ्या एकीला एक जोडून अठ्ठेचाळीस केले, की चार्जिंगच्या वेळी छप्पनच्या पुढे जाणार. आणि कातळावरून सहा पॅनलांची रांग येणार, तिचे व्होल्ट त्याहूनही जास्त. तिथं ठिणगी पाडून बघायला गेलं तर ठिणगी विझतच नाही, ताणत राहते. त्याची सगळी विद्या एका आकड्यानं शाळेबाहेर काढली होती.

तरी एक शेवटचा डाव त्यानं टाकला. "त्या चारांतल्या एकीवरून मी बारा काढले तर? भिंतीवरचा तो पंखा मी बसवलेला आहे. ताईला आवडतो."

"नाही काढायचे," ती म्हणाली. "चौघी सारख्याच राबल्या तर टिकतात. एकीवरून जास्त काढलं, की ती बिचारी वरवर बाकीच्यांसारखीच दिसते, कुणाला कळत नाही, आणि आतून आधी खलास होते. मग बाकीच्या तिघीही बसतात."

ती हे बॅटऱ्यांबद्दलच बोलत होती, दुसरं काही तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पण चार भावंडांत शेंडेफळ असलेला तो त्रेसष्ट वर्षांचा माणूस काउंटरला हात टेकून उभा राहिला. ताईवरून आपण सगळ्यांनी किती काढलं, याचा त्यानं आजवर कधी विचारच केला नव्हता. चष्मेवालीनं विचारलं, "पाणी देऊ का काका?" तो हो म्हणाला आणि सावकाश प्यायला.

काम पंधरा दिवस चाललं. चष्मेवाली दोनदा आली, अठ्ठेचाळीसचे घरगुती दोनशे तीस करून देणारा इन्व्हर्टर बसवून आणि बाकीचं तपासून गेली. धाकट्यानं रबरी हातमोजे विकत घेतले, हे गल्लीत कळल्यावर जी थट्टा झाली ती त्यानं मुकाट सोसली. प्रत्येक जोड देण्याआधी तो मीटर लावायचा, परत लावायचा आणि मग ताईला म्हणायचा, "तू लांब हो." ताई लांब व्हायची आणि तिथून सूचना करायची. ठिणगी त्यानं एकही पाडली नाही. केबिनचा पंखा उतरवून पिशवीत घातला, तिथं घरगुती पंखा लावला.

ज्या दिवशी पंपाचं बटण दाबायचं ठरलं, त्या दिवशी ताई इस्त्रीची साडी नेसून तयार होती. बटण दाबायला बोट लागतं, आणि तिचं बोट तिरकं. तिनं अंगठ्यानं दाबलं. विहिरीत घरघर झाली, पाइपानं दोन उचक्या दिल्या, आणि छपरावर नव्यानं बसवलेल्या टाकीत पाणी पडायला लागलं. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. ताई स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, त्याखाली दोन्ही हात धरले आणि टाकी भरेपर्यंत तशीच उभी राहिली. धाकट्यानं तिला नळ बंद कर म्हटलं नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगा आला. सकाळी नऊला आला तो घरभर फिरून बघत होता. नळ सोडला, पंखा लावला, फ्रिजचं दार उघडून आत हात घातला. वाईट बघायला नव्हता आला बिचारा. आईला न्यायचं नाही असं कुणीतरी पटवून द्यावं, अशा आशेनं आला होता, पण स्वतःहून सोडायला धजत नव्हता. ताईनं चहा केला आणि कप दोन्ही तळहातांत धरून अशी बसली की बोटं दिसू नयेत. धाकट्याच्या हे ध्यानात आलं. तो काही बोलला नाही, कारण सांगायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं, असं दोघांत ठरलं होतं.

"मामा, बॅटऱ्या कुठं ठेवल्यात?"

"बाहेरच्या कपाटात. बघ की," धाकटा अभिमानानं म्हणाला. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला दरदरून घाम फुटला.

गाडीचं वायरिंग पुरं झालं की फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवायचा, कुठला फ्यूज कशाचा हे लिहून, ही धाकट्याची एक्केचाळीस वर्षांची सवय. पुढचा कारागीर अडू नये म्हणून. याही कामात त्यानं तेच केलं होतं. बॅटरीच्या कपाटाच्या दाराला आतून त्यानं यादी डकवली होती, वर पारदर्शक पट्टी मारून, पाणी लागू नये म्हणून. ताईच्या अक्षरातली. सगळ्या रकान्यांसकट.

तो उठेपर्यंत भाच्यानं कपाट उघडलं होतं. तो वाचत होता. आधी नुसता बघत होता, मग ओठ हलायला लागले.

पाण्याचा पंप. रोज वीस मिनिटं. बादली धरवत नाही म्हणून. वॉशिंग मशीन. दोन दिवसांतून एकदा, पाऊण तास. कपडे पिळता येत नाहीत म्हणून. मिक्सर. रोज पाच मिनिटं. कुटताना रडू येतं म्हणून. फ्रिज. दिवसभर. सुरी धरली की निसटते म्हणून. इस्त्री. आठवड्यातून एकदा. मला नीटनेटकं राहायला आवडतं म्हणून.

मुलानं कपाटाचं दार हळूच लावलं. मग आत आला आणि आईसमोर जमिनीवरच बसला. तिच्या हातांतला कप काढून त्यानं बाजूला ठेवला आणि हात उघडून बघितले. ताईनं धाकट्याकडे एक नजर टाकली. लहानपणी त्यानं काच फोडल्यावर टाकायची तीच. धाकट्यानं मान खाली घातली.

"चल आई," मुलगा म्हणाला. "हे सगळं आपल्याकडे आहे. पंप लागत नाही, मशीन आहे, मिक्सर दोन आहेत. सगळं नुसतं बटण दाबलं की. तू वर्षभर आमच्यात राहिलीस. हे हात घेऊन राहिलीस. आणि एकदाही बोलली नाहीस."

"हो," ताई म्हणाली.

"इथं जे मिळालं ते तिथं मिळालं नसतं का?"

"मिळालं असतं रे. सगळं मिळालं असतं." तिनं हात त्याच्या हातांतून काढून घेतले नाहीत. "पण तिथं मी मागितलं नसतं. तुम्ही विचारलं असतंत, मी काही नको म्हटलं असतं, आणि तुम्हांला ते खरं वाटलं असतं. तुमचा काही दोष नाही त्यात. मला सवयच तशी. इथं आले, तेव्हा कुठं मला माझं तोंड सापडलं."

खोलीत फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाहेर त्याची गाडी उभी होती, मागची सीट सामानासाठी रिकामी करून आणलेली, हे धाकट्यानं ती दारात आली तेव्हाच बघितलं होतं. आता हा उठणार आणि बॅगा भरा म्हणणार, असं त्याला वाटलं, आणि उठलाच तर आपण दारात आडवं व्हायचं, असंही त्यानं ठरवून टाकलं, गुडघे काहीही म्हणोत.

मुलगा उठला. मामाच्या शर्टाच्या खिशातलं पेन त्यानं न विचारता काढून घेतलं, कपाटापाशी गेला आणि नखानं पारदर्शक पट्टी सोडवून कागद घेऊन आला. परत आईसमोर बसला, कागद मांडीवर ठेवला.

"आणखी काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

ताईच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. धाकट्याला ते आलेलं दिसलं. तिनं ते गिळलं आणि विचार करत बसली. मुलगा थांबला. घाई केली नाही त्यानं.

"सकाळी बोटं उघडत नाहीत," ती म्हणाली. "गरम पाण्यात धरली तर सुटतील. पण चूल पेटवायलाच बोटं लागतात."

"मामा, पाणी तापवायची किटली चालेल का यावर?"

"हजार वॅट. एकवीस अँपिअर," धाकटा म्हणाला. "अठ्ठेचाळीस आहे, बेलाशक चालेल."

मुलानं यादीच्या शेवटी लिहिलं, किटली. "किती वेळ, आई?"

"दहा मिनिटं. रोज सकाळी."

त्यानं तेही लिहिलं. मग शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. कशासाठी, हे त्यानं आईला विचारलं नाही. स्वतःच लिहिलं, आईनं मागितलं म्हणून.